कॅमेरा: चालतो

राजरत्नचं लग्न एका प्रश्नावर अडलं होतं, आणि तो प्रश्न फोनवर विचारता येण्यासारखा नव्हता.

राजरत्न म्हणजे आमच्या समोरच्या जानकाअक्कांचा मुलगा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. पुण्याच्या शाळेत शिकला आणि बंगळूरला एका कुरिअरवाल्यांकडं पार्सलं निवडायच्या कामाला लागला. तिथंच स्नेहाशी ओळख झाली. तिलाही ऐकू येत नाही. घर मूळचं गुलबर्ग्याकडचं, आपल्यातलंच, बौद्ध. मुलगा-मुलगी राजी होती. मुलीकडच्यांचं म्हणणं एवढंच, की मुलाच्या आईनं समोर येऊन स्वतः होकार द्यावा, निरोपावर आम्ही मुलगी देणार नाही. आणि अक्कांचं म्हणणं असं, की होकाराआधी मला त्या पोरीला एक विचारायचंय.

एरवी बंगळूर गाठलं असतं. पण त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, बुद्धजयंतीच्या तयारीत विहाराच्या भिंती पुसताना अक्का स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मंचरला ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत लांबचा प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि होकाराआधी मुलीनं मुलाच्या घरी यावं, ही रीत आमच्यातही नाही आणि त्यांच्यातही नाही.

मोबाइल होता घरात. पण एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही, तिथं मोबाइल काय करणार? राजरत्नचा मेसेज आला की हनुमंतभाऊ, म्हणजे त्याचे वडील, तो लांब धरून वाचायचे.

"बरा हाय म्हणतोय."

"एवढा येळ वाचलं, आन् एवढंच?" अक्का विचारायच्या.

"बाकीचं इंग्रजीत हाय."

अक्कांचा या टपालावर विश्वास नव्हता. "मला त्याचा हात दिसला पायजे," त्या म्हणायच्या. "त्याच्या हातावरून मला कळतं, जेवलाय का न्हाई ते."

या घरातली हातांची भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. हनुमंतभाऊ बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करतात. तिथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळता कामा नये. राजरत्न लहानपणी वडिलांबरोबर बाजारात जायचा. त्या बाजारात ऐकू येणारा आणि न येणारा सारखाच, त्यामुळं तो तिथं रमायचा. बोटांचे आकडे घरात आले ते तिथून. पुढं भूक, पाऊस, रुसवा, मामा आला, म्हैस आटली, हे सगळं अक्कांनी त्यात घातलं. पुण्याच्या शाळेत राजरत्न दुसरी, पुस्तकातली हातांची भाषा शिकला, पण आईशी बोलताना घरचीच.

ऑपरेशनच्या वेळी तो रजा काढून आला, तेव्हा जाताना शाळेच्या पाटीएवढा एक लॅपटॉप ठेवून गेला. बरोबर काम करणाऱ्या कुणाकडून जुना घेतलेला. झाकणाच्या वरच्या पट्टीत हरभऱ्याएवढा कॅमेरा. यावर आईला मी दिसेन आणि मला आई, असं त्यानं खुणेनं सांगितलं आणि ते यंत्र माझ्या हातात दिलं.

माझ्या हातात का, तर लोणीच्या स्टँडवर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे आणि गावात माझी कॉम्प्युटरवाली म्हणून ख्याती आहे. मी दहावी झालेली. नव्वद-ब्याण्णवला मंचरला टायपिंग शिकले, तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यावरची धूळ पुसण्याच्या निमित्तानं त्यालाही हात लावला. पुढं स्वतःचं दुकान झालं, आणि गावातल्या प्रत्येक पेनड्राइव्हमधून व्हायरस माझ्या मशीनवर पाहुणचाराला यायला लागला. तेव्हा विंडोज सोडून लिनक्स या व्हायरस न लागणाऱ्या सिस्टिमवर गेले. त्याची सीडी तेव्हा मागितली की परदेशातून फुकट पोस्टानं यायची. पाकीट पाहून पोस्टमन मला विचारायचा, "ताई, तिकडं कोण असतं तुमचं?" मी म्हणायची, "कुणी नाही." तो पाकिटाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघायचा.

तर ते छोटं यंत्र. त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. आतली साठवणही एवढी कमी, की विंडोज त्यात मावायची नाही. कंपनीनं आत आपलीच कापून-छाटून बेतलेली लिनक्स घातली होती, पण व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम टाकायला गेलं की ती जागा नाही म्हणायची. ते यंत्र घेऊन मी मंचरला चांगदेवकडं गेले. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमचं एकमेकांवर हसणं ठरलेलं आहे.

"ताई, ह्यो लॅपटॉप न्हाई, खेळणं हाय. विकून टाका."

"घेणार कोण?"

"तेबी खरंय." मग त्यानं आतलं जुनं सगळं पुसून पेनड्राइव्हवरून नवी लिनक्स कशी चढवायची ते दाखवलं, आणि चहा पाजला.

नवी सिस्टिम चढवण्याआधी मी नेटवर बघून घेतलं. कुठल्या लॅपटॉपवर लिनक्स घातल्यावर कुठला अवयव चालतो आणि कुठला रुसतो, हे जगभरची माणसं लिहून ठेवतात. आमच्या यंत्रापुढं होतं: आवाज चालतो, वायफायला खटपट लागते, कॅमेरा चालतो. डिक्शनरी शेजारी घेऊन मी ते दोनदा वाचलं आणि म्हटलं, आपल्याला कॅमेराच पाहिजे.

आवाज पहिल्या फटक्यात चालला. इतका स्वच्छ, की मी टेबलावर नखानं टिचकी मारली तर तीही परत ऐकू आली. ज्या घराला आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता, त्या घराला तो विनातक्रार मिळाला. वायफायचा दिवा मात्र नुसता लुकलुकायचा. कुठकुठले ड्रायव्हर, म्हणजे अवयव चालवणारे छोटे प्रोग्राम, उतरवून पाहिले. शेवटी आमचे हे म्हणाले, "कशाला त्याच्या मागं लागलीस? मी वायर ओढतो."

आमचे हे, भगवंतराव, टेलिफोनचे लाइनमन. त्यांचा विश्वास फक्त तारेवर. आमच्या घरातल्या, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोडेमपासून निघालेली वायर त्यांनी गल्लीवरून, मधल्या शेवग्याच्या फांदीला गाठ मारून, अक्कांच्या खिडकीतून थेट बाजेपर्यंत नेली. "वायरला ड्रायव्हर लागत नाही," असं म्हणाले. लागतो, हे मी सांगितलं नाही. तो आपोआप सापडला होता, तेवढ्यावर संसार सुखाचा चालू दिला.

कॅमेरा मी दुकानात तपासला. झाकण उघडून यंत्र काउंटरवर आडवंच ठेवलं होतं, म्हणून पडद्यावर छताचा पंखा दिसला. पाती स्पष्ट, मधली वाटीसुद्धा स्पष्ट. बंद-चालू करून पाहिलं, हलतानाही नीट दिसला. म्हटलं, झालं. पुढं कॉलच्या प्रोग्रामात आपलंच चित्र कोपऱ्यात दिसायची जी सोय असते, ती मी बंद केली, कारण त्या एवढ्याशा यंत्राला दोन-दोन चित्रं झेपत नव्हती.

पंख्याला वरची बाजू आणि खालची बाजू नसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी लोडशेडिंग नसायचं. अक्का विहारात जायचं पांढरं पातळ नेसून बाजेवर उशांना टेकून बसल्या. पलीकडं बंगळूरच्या सायबर कॅफेतली एक फळ्यांची केबिन आणि तिच्यात कोंबलेली चार माणसं दिसली. राजरत्न, स्नेहा, तिचे वडील, आणि मागं भिंतीला चिकटून उभी तिची आई. आमच्या बाजूला चित्र झकास होतं. अक्कांनी पोराला पाहिलं आणि पहिली खूण केली: जेवलास का?

राजरत्ननं उत्तर दिलं नाही. तो पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान वाकडी केली. मग स्नेहानं केली. मग तिच्या वडिलांनी. चौघंही कोंबड्यांसारखी माना मुरडून आमच्याकडं बघायला लागली.

"तिकडं असाच नमस्कार करत्यात का?" हनुमंतभाऊंनी विचारलं.

अक्कांना वाटलं, माणसं लाजरी आहेत. त्यांनी वेळ घालवला नाही. पोरीकडं बोट केलं, आणि इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न हातांनी मांडला. तळहातावर गाल ठेवून डोळे मिटले: रात्र. राजरत्नकडं बोट, स्नेहाकडं बोट, आणि दोन्ही हात दोन्ही कानांवर. मग हातांचा पाळणा करून हलवला. मग दोन बोटं डोळ्यांपासून गालावरून खाली ओढली, हळूहळू, परत परत. आणि शेवटी रिकामा तळहात पुढं: कोण?

दोघंही बहिरी. रात्री लेकरू रडलं तर कोण ऐकणार?

अक्का ऐकू येणाऱ्या बाई. राजरत्न तान्हा असताना रडायचा तेव्हा त्या उठल्या होत्या, दर वेळी. त्यांना हे विचारायचा हक्क होता.

पलीकडं स्नेहाच्या वडिलांना हसू फुटलं. स्नेहानं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. राजरत्नसुद्धा ओठ चावत होता. मागची बाई तेवढी हसली नाही. तिनं मान एवढी कलती केली होती, की कान खांद्याला टेकला होता, आणि ती डोळे बारीक करून अक्कांच्या हातांकडं बघत होती. पण अक्कांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"बंद कर," त्या म्हणाल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच झाकण खाली ओढलं.

हनुमंतभाऊ उगीच बाहेर जाऊन म्हशीला बघून आले. मी वायर गुंडाळायला लागले. अक्का भिंतीकडं बघत म्हणाल्या, "हसायसारखं काय विचारलं व्हतं मी?"



दुपारी मेसेज आला. हनुमंतभाऊंनी तो नेहमीपेक्षा लांब धरला. "आई उलटी दिसत व्हती, म्हणतोय."

"उलटी म्हंजे?"

"डोकं खाली, पाय वर."

"पाय कुठं दिसत व्हते? मी तर मांडीवर चादर घेतली व्हती."

मी झाकण उघडलं आणि आपलंच चित्र दाखवणारा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर छताला चिकटलेल्या अक्का दिसल्या. पातळ, कुंकू नसलेलं मोकळं कपाळ, चष्मा, सगळं स्वच्छ आणि सगळं उलटं. अक्का बराच वेळ स्वतःकडं बघत राहिल्या. मग दोन बोटं डोळ्यांपाशी नेली आणि गालावरून खाली ओढली. पडद्यावर आसवं वर चढली.

"ह्ये बघून तर मीबी हासले असते," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. "यशोधरा, सरळ दिसंल तवा मी परत विचारीन. न्हाईतर न्हाई. आन् इचारल्याबिगर मी हो म्हणनार न्हाई, ह्ये त्याला कळव."

कळवलं. उलट निरोप आला तो जास्त वाईट होता. सायबर कॅफेचा मालक त्यांच्या बाजूचा पडदा फिरवायला हात लावू देत नव्हता, हे एक. आणि मुलाच्या आईनं बोलता बोलता तोंडावर झाकण आपटलं, हा नकारच, असं स्नेहाच्या वडिलांनी धरलं होतं. पुढच्या रविवारी ते एकदा येतील. त्यानंतर नाही.

झालं होतं ते असं. कारखान्यात झाकणाच्या पट्टीत कॅमेरा बसवताना तो उलटा बसवलेला. कंपनीच्या मूळ सिस्टिमला ते माहीत होतं आणि ती चित्र गुपचूप सरळ करून दाखवायची. मी घातलेल्या सिस्टिमला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं ती जे दिसतं ते प्रामाणिकपणे पुढं पाठवत होती. नेटवर ज्यानं ‘कॅमेरा चालतो’ लिहिलं होतं त्याचंही खोटं नव्हतं. चालत होताच की. त्यानंही बहुतेक पंखाच पाहिला असेल.

त्या आठवड्यात मी दुकानात झेरॉक्स कमी काढल्या आणि शिव्या जास्त दिल्या. नेटवर इंग्रजीत जमेल तसं लिहून विचारलं. ब्राझीलमधल्या एका माणसानं उत्तर दिलं. उलट्या कॅमेऱ्यांची एक यादी प्रोग्रामातच असते, तिच्यात तुमच्या यंत्राचं नाव नाही, ते घाला आणि प्रोग्राम नव्यानं बांधून घ्या. मी बांधायला घेतला. यंत्र भाकरीच्या तव्यासारखं तापलं, अर्ध्यावर जागा संपली म्हणालं आणि थांबलं. परत केलं, परत थांबलं.

मग चांगदेव म्हणाला, "उलटा बसवलाय ना? खोलून सरळ बसवू." आम्ही पट्टी खोलली. कॅमेरा निघाला, पण त्याची चपटी वायर एवढीशीच, फिरवला की खाचेपर्यंत पोचेना. पुन्हा होता तसा बसवला. चांगदेव म्हणाला, "बाईंना शीर्षासन येतं का?" मी म्हटलं, "खुब्यात सळी आहे." तो म्हणाला, "सॉरी, ताई."

शनिवारी संध्याकाळी मी रिकाम्या हातानं अक्कांकडं गेले. हनुमंतभाऊ बाजेच्या कडेला बसून तंबाखू मळत होते. मी सगळं सांगितलं, ब्राझीलपासून चपट्या वायरीपर्यंत.

हनुमंतभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली. "आमच्या बाजारात बरं. टॉवेलाखाली हात उलटा काय आन् सुलटा काय. बोटाला बोट लागलं की कळतं."

"भाऊ, बंगळूरपर्यंत टॉवेल पुरायचा नाही."

"मग यंत्र उलटं धरा की."

"उलटं धरलं तर अक्का तिकडं सरळ दिसतील. पण इकडं राजरत्न उलटा दिसंल."

"दिसू दे. पोरगं आमचंच हाय, ओळखू आमी."

"त्याचे हात उलटे दिसतील. अक्कांना कसं कळंल?"

"मग तो पडदा फिरत न्हाई का, त्या सायबरवाल्यासारखा?"

मी त्यांच्याकडं बघितलं. कॅमेरा आणि वायफाय सोडून बाकी सगळं या यंत्रात नीट चालत होतं. पडद्यावरचं चित्र फिरवणं तर एका ओळीचं काम. आठवडाभर मी उलट्या कॅमेऱ्याच्या मागं लागले होते आणि सुलट्या पडद्याला विचारलंच नव्हतं. तिथंच बसून ती ओळ लिहिली. पडदा एकदा काळा झाला आणि सगळं डोक्यावर उभं राहिलं. मग यंत्र हातात उचलून उलटं धरलं. पडदा सुलटा आणि कॅमेरा खाली. त्यात मी सरळ दिसले, केस विस्कटलेले, पण सरळ.

आता प्रश्न राहिला तो ठेवायचं कसं. उलटं धरलं की पडद्याची बाजू खाली येते आणि कळफलक वर, ओसरीवरच्या पत्र्यासारखा पुढं आलेला. टेबलावर ठेवलं की तोंडावर पडायचं. मी हातात धरून बसते म्हटलं, तर माझ्या हाताबरोबर पलीकडं अक्काही हलणार.

अक्कांनी वर बघितलं. बाजेच्या वरच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. तिला तेव्हा लसणाच्या जुड्या टांगलेल्या होत्या. "पोराची झोळी हितंच व्हती," त्या म्हणाल्या. "यंत्राचं वजन किती?"

"किलोभरसुद्धा नाही."

"राजा त्याच्यापेक्षा जड व्हता."

लसूण खाली आला. हनुमंतभाऊंनी खांद्यावरचा बाजारातला टॉवेल काढला, कडेकडेनं बघितला आणि मधोमध फाडला. दोन पट्ट्या झाल्या. हजारो भाव ज्याच्याखाली ठरले तो टॉवेल. ते गाठी मारत राहिले. कडीला दोरी, दोरीला टॉवेलाच्या पट्ट्यांचे दोन फास, फासांत कळफलकाची बाजू आडवी, आणि पडदा बिजागरीवर खाली लोंबलेला, वटवाघळासारखा. अक्कांच्या तोंडासमोर बरोबर.

"खाली धरलंय ना नीट?" भगवंतरावांनी खिडकीबाहेरून विचारलं. वायर कमी पडत होती म्हणून ते शेवग्यावर चढले होते.

रविवारी पलीकडं चौघंही आधीच बसलेली होती. स्नेहाचे वडील हाताची घडी घालून होते. चित्र लागलं, आणि त्यांनी सवयीनं मान वाकडी केली; मग त्यांना ती सरळ करावी लागली. राजरत्ननं दोन्ही मुठी वर केल्या.

अक्कांनी त्याला आधी जेवलास का विचारलं. त्यानं हो म्हटलं. अक्का त्याच्या हाताकडं थोडा वेळ बघत राहिल्या. "न्हाई जेवलेला," त्या आम्हाला म्हणाल्या, आणि मग स्नेहाकडं वळल्या.

प्रश्न तोच होता. रात्र. हा आणि ती. कान. पाळणा. आसवं, या वेळी खाली येणारी. कोण?

या वेळी कुणी हसलं नाही. राजरत्न स्नेहासाठी शाळेच्या भाषेत फोड करून सांगायला लागला, पण तिनं मान हलवली; तिला कळलं होतं. तिनं उत्तर मात्र दिलं नाही. ती खुर्चीवरून उठली, मागं वळली, आणि भिंतीला चिकटलेल्या आईला दंडाला धरून पुढं बसवलं.

बाई अक्कांच्याच वयाची. पदर नीट केला. मग तिनं आपल्या दोन्ही कानांना बोटं लावली आणि हात हलवला: नाही.

अक्का पुढं झुकल्या. "हिलाबी ऐकाय येत न्हाई?" त्यांनी हनुमंतभाऊंना विचारलं. "तुमी बोलला न्हाई मला."

"मेसेजमधी असंल," हनुमंतभाऊ पुटपुटले. "इंग्रजीत."

मला तेव्हा उमगलं, आईनं समोर येऊन होकार द्यावा असा हट्ट कुणाचा होता ते. आम्ही त्याला मानपान समजलो होतो. त्या बाईला होकार कळायचा तर तो दिसायलाच हवा होता.

बाईनं तीन बोटं वर केली. "तीन हजार?" हनुमंतभाऊ सवयीनं म्हणाले आणि अक्कांनी त्यांच्याकडं न बघता त्यांना गप्प केलं. बाईनं स्नेहाच्या डोक्यावर हात ठेवला, मग हवेतच आणखी दोन उंचींवर. तीन लेकरं. मग तिनं पदराचं टोक घेतलं, मनगटाला गुंडाळून गाठ मारली आणि पदराचा दुसरा भाग, जिथं लेकराचा पाय असता तिथं, दोन बोटांनी बांधल्यासारखा केला. तळहातावर गाल ठेवून डोळे मिटले. झोपली. आणि मनगटाला एकदम हिसका बसला. डोळे उघडले, ती वाकली, आणि हवेतलं लेकरू उचलून खांद्याला लावलं. तिघांना वाढवताना किती वेळा केलं असेल, कोण जाणे. हिसका एवढा खरा होता की मी दचकले.

राजरत्न अक्कांकडं बघत होता. स्नेहाच्या वडिलांनी घडी सोडून हात गुडघ्यांवर ठेवले होते.

मग अक्कांनी आपला पदर ओढला. उजव्या मनगटाला एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि हात उचलून कॅमेऱ्याला दाखवला: असं?

बाईनं मान हलवली. नाही. तिनं आपलं डावं मनगट पुढं केलं आणि उजव्या हातानं वारं घातलं, पातेलं उतरवलं, दार उघडलं. उजवा हात मोकळा लागतो.

अक्कांनी उजव्या हाताचे वेढे सोडले आणि डाव्या हाताला घातले. एका हातानं गाठ बसेना, तर दातात धरून आवळली. पुन्हा दाखवलं. बाईनं वाकून गाठ नीट पाहिली, इतक्या जवळून की पडद्यावर तिचं नुसतं कपाळच दिसलं, आणि मग ती मागं टेकली.

"म्हंजे हो झालं का?" हनुमंतभाऊंनी मला हळूच विचारलं.

"अक्का," मी म्हटलं, "त्यांना होकार सांगायचा राहिला."

"मग आतापतूर काय सांगतीय मी?" अक्का म्हणाल्या.

पलीकडं राजरत्न खाली मान घालून बसला होता आणि स्नेहाचे वडील त्याची पाठ थोपटत होते. दोघी बायांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं सुरू झालं होतं. घरची भाषा, शाळेची भाषा, आणि दोन्हींत नसलेलं बरंच काही. अक्का खुबा दाखवत होत्या, ती बाई आपला गुडघा. मग म्हैस आली. मग बहुतेक नवरे आले, कारण दोघींनी एकदमच कपाळाला हात लावला.

आम्हाला तिथं काम उरलं नाही. भगवंतरावही येऊन दारात उभे होते. आत कुणी बोलत नव्हतं, पण त्या यंत्रातून एक बारीक किणकिण सारखी येत होती. मला आधी वाटलं वायर हलतेय. मग कळलं, ती बाई हात हलवत होती तशा तिच्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. आवाज पहिल्यापासून फार स्वच्छ चालत होता त्या यंत्राचा. ती स्वतः तो कधीच ऐकणार नव्हती. अक्का ऐकत होत्या आणि मधूनच आपला हात थांबवून नुसत्या ऐकत बसत होत्या.

"दुपार झाली, लाइट जाईल आता," हनुमंतभाऊ म्हणाले.

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "त्याच्यात बॅटरी हाय."